‘अंडी घातली आणि निघून गेली’: मायासौरावरचा हा आरोप टिकत नाही

डायनासोरांवरचा एक मजकूर सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. पाला खाणारे डायनासोर मंद होते, त्यांचा मेंदू अक्रोडाएवढा होता, मादी अंडी घालून चालती व्हायची, कळप म्हणजे नुसती गर्दी, आणि म्हणूनच ते नष्ट झाले, असं त्यात ठासून सांगितलंय. शाळकरी मुलं हे जसंच्या तसं वहीत उतरवतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

अक्रोडाचं आधी मिटवू. ती दंतकथा स्टेगोसॉरस या दुसऱ्याच शाकाहारी डायनासोरची. त्याचा मेंदू देहाच्या मानाने खरंच लहान होता, पण अक्रोडापेक्षा बराच मोठा. एका प्राण्याचं माप शेकडो जातींच्या गळ्यात मारायचं कशाला? बदकासारख्या चोचीच्या डायनासोरांचा मेंदू इतर शाकाहारी डायनासोरांच्या तुलनेत मोठाच भरतो, आणि मायासौरा याच गटातली.

आता अंड्यांचा मुद्दा. 1978 साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, बायनम या छोट्या गावात दगड आणि जीवाश्मांचं दुकान चालवणाऱ्या मॅरियन ब्रँडव्होल्ड यांनी जॅक हॉर्नर आणि बॉब मकेला या जीवाश्म-अभ्यासकांना काही बारीक हाडं दाखवली. कॉफीच्या डब्यात मावतील एवढी ती हाडं डायनासोरच्या पिल्लांची होती. जिथे ती सापडली तिथे खोदल्यावर चिखलाचं, सुमारे दोन मीटर रुंदीचं वाडग्यासारखं घरटं निघालं आणि जवळपास पंधरा पिल्लांचे अवशेष मिळाले. पिल्लं जेमतेम मीटरभर लांबीची. अंड्यातून बाहेर येताना ती साधारण 40 सेंटिमीटर असत. म्हणजे दुपटीहून जास्त वाढली तरी ती घरट्यातच होती! दात झिजलेले होते, अंड्यांच्या कवचांचा पायाखाली तुडवून चुरा झालेला होता. ही पिल्लं तिथे राहत होती, खात होती. 1979 साली हॉर्नर आणि मकेला यांनी या प्राण्याला मायासौरा, म्हणजे ‘चांगली आई असलेली पाल’ असं नाव दिलं, आणि नेहमीच्या पुल्लिंगी ‘सॉरस’ऐवजी मुद्दाम स्त्रीलिंगी ‘सौरा’ लावलं.

यावर आक्षेप आहेत आणि ते मी लपवणार नाही. बदकचोच्या डायनासोरांच्या अंड्यातल्या भ्रूणांचेही दात झिजलेले आढळतात, त्यामुळे नुसत्या दातांवरून आईने चारा भरवला असं म्हणता येत नाही. पिल्लांची कंबरेची हाडं बरीच घट्ट झालेली होती, ती लवकर चालू शकत असावीत, असंही काही अभ्यासक सांगतात. मान्य. पण चालता येत असूनही एवढी वाढलेली पिल्लं घरट्यात एकत्र का थांबली, याचं उत्तर ‘आई निघून गेली’ या वाक्यात नाही.

त्या वाक्यात अर्धं सत्य आहे, पण ते दुसऱ्याच डायनासोरचं आणि आपल्या शेजारचं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरांची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. ती घरटी इतकी खेटून आहेत की एवढ्या अजस्र मादीला मधून फिरताच आलं नसतं. तिथे माता अंडी पुरून निघून जात असाव्यात. पण नर्मदेवरचा निकाल मोंटानाला लावायचा नसतो.

‘मंद’ हा शब्द तर मायासौराला अजिबात शोभत नाही. हॉली वुडवर्ड या जीवाश्म-अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मायासौराची नडगीची 50 हाडं कापून तपासली. झाडाच्या खोडात असतात तशी वलयं हाडांत असतात, त्यावरून वय कळतं. तिसऱ्या वर्षी ती प्रजननक्षम होत आणि आठव्या वर्षापर्यंत दोन टनांहून जास्त वजनाची होत. आळशी सरड्याची ही वाढ नव्हे. याच अभ्यासात दिसलं की पहिल्या वर्षात दहातली नऊ पिल्लं मरत. मग आईच्या काळजीचा काय उपयोग, असं कुणी विचारेल. आजही जिवापाड जपणाऱ्या पक्ष्यांची बहुतेक पिल्लं पहिल्या वर्षातच जातात. जपणूक नव्हती असं त्यावरून ठरत नाही.

कळपाबद्दल: मोंटानातली मायासौरांची घरटी एकमेकांपासून सुमारे सात मीटरवर आहेत, म्हणजे जवळजवळ मोठ्या मायासौराच्या लांबीइतक्या अंतरावर. पक्ष्यांच्या वसाहतीत असतं तसं. त्याच परिसरात मायासौरांच्या हाडांचा एक मोठा थर आहे. त्यात 10,000 प्राणी असावेत असा हॉर्नर यांचा अंदाज. पुराने हाडं गोळा होऊ शकतात हे खरं, पण पूर घरटी अशी मोजून मांडत नाही.

शेवटचं, नष्ट होण्याचं. मायासौरा सुमारे 7 कोटी 67 लाख वर्षांपूर्वीची. डायनासोरांचा शेवट करणारा लघुग्रह आदळला 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. मधल्या कोटभर वर्षांत बदकचोचे डायनासोर संपले नाहीत; त्याच मोंटानात एडमॉन्टोसॉरस हा त्यांच्यातलाच एक अगदी शेवटपर्यंत चरत होता. त्याच आघातात मांसाहारी टायरॅनोसॉरसही गेला, मग दोष पाल्याला आणि मंदपणाला कसा द्यायचा?