अर्थिंग सुधारलं म्हणे!

गेल्या आठवड्यात ऑफिसात मीटिंग झाली. भिंतीवरच्या टीव्हीवर रंगीत आलेख. अर्थिंग म्हणजे गळतीचा करंट जमिनीत उतरवायची सोय; तिचा विरोध ओहममध्ये मोजतात, जितका कमी तितका बरा. बेळगावजवळच्या खानापूर पट्ट्यात आम्ही तपासतो त्या साइट्सचं अर्थिंग मे महिन्यात लाल होतं, जुलैत हिरवंगार. जांबोटीकडच्या एका काजू कारखान्याचं तर साडेनऊ ओहमवरून थेट दोनवर आलेलं. साहेब खूष. "फील्ड टीमचं कौतुक करायला पाहिजे," म्हणाले. टाळ्या पडल्या.

आमच्याबरोबरचे वायरमन, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, ते शेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "आपण तिथं हात तरी कुठं लावलाय गा? पावसानं केलंय ते."

खरंच होतं. जमिनीतून करंट किती सहज जातो हे ओल, क्षार आणि तापमानावर ठरतं. जांबोटीकडचा जांभा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा असतो, तिथं रीडिंग चढतं. पंधरा दिवस धो धो पाऊस झाला की अर्थिंगचा तोच खड्डा, त्यात पुरलेली तीच पट्टी, आणि रीडिंग निम्म्याच्याही खाली. अथणीकडच्या काळ्या रानात एवढा फरक दिसत नाही. कागदी फॉर्म होता तेव्हा मामा समासात लिहायचे, "काल पाऊस, रीडिंग धरू नये". आता आकडे मोबाइलवरच्या कंपनीच्या ॲपमध्ये भरतो, आणि ॲपला समासच नाही. आकडा गेला, पाऊस मागं राहिला.

आता लगेच "बघा, कागदच बरा होता" म्हणणाऱ्यांनी कमेंटमध्ये येऊ नये. मी ॲपच्या बाजूचा माणूस आहे. आमच्या कंपनीत खाजगी ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि अर्थिंगची तपासणी चालते. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, खानापूरचे कौल कारखाने, निपाणी-चिकोडीकडच्या डेअऱ्या, सगळीकडं फिरणं. सात वर्षं कागद वागवलाय मी. तीन प्रतींचं पुस्तक, मधे कार्बन. पांढरी ऑफिसला, गुलाबी गिऱ्हाइकाला, पिवळी पुस्तकात. मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबीला, जुलैत एकदा जाऊन बघा. रेनकोटच्या आत पुस्तक धरलं तरी कागद ओला, आणि ओल्या कागदावर बॉलपेन नुसतं रेघोट्या मारतं. पिवळ्या प्रतीवर तर काय उमटलंय ते देवालाच ठाऊक.

बरं, भिजला नाही तरी कागद शनिवारी ऑफिसला पोचणार, मग कुणीतरी तो एक्सेलमध्ये टाइप करणार. मामा आकडे मराठीत लिहितात. त्यांचा १ टाइप करणाऱ्या मुलीनं इंग्रजी नऊ वाचला. एका ओहमचं अर्थिंग नऊ ओहम झालं आणि आम्ही खड्ड्यात भरायला कोळसा, मीठ आणि दोन मजूर घेऊन चाळीस किलोमीटर गेलो. तिथं मोजलं तर एक. मालकानं चहा पाजला, हसला, आणि मीठ मात्र ठेवून घेतलं. एकच फॉर्म मराठी, कन्नड आणि इंग्रजी वाचणाऱ्या तीन हातांतून जातो तिथं हे व्हायचंच.

फोटोची गोष्टही मान्य करायला हवी. ट्रान्सफॉर्मर आत ओढतो ती हवा कोरडी करणाऱ्या डबीतली, म्हणजे ब्रीदरमधली, सिलिका जेल निळी असली की कोरडी, गुलाबी झाली की ओल पिऊन बसलेली, बदलायची. कागदावर त्या रकान्यात आम्ही सगळे वर्षानुवर्षं 'ठीक' लिहीत आलो. आता फोटो काढावा लागतो. पहिल्याच महिन्यात कळलं की आमच्या अर्ध्या 'ठीक' साइट्सवर जेल त्या गिऱ्हाइकाच्या प्रतीइतकी गुलाबी होती. लाज वाटली, पण कामाला लागलो.

म्हणजे माझी तक्रार मोबाइलची नाही. तक्रार त्या लाल चांदणीची आहे.

रकान्यापुढं लाल चांदणी असली की भरल्याशिवाय 'पुढे' बटण पेटत नाही. ज्यानं हे ठेवलं त्याचा हेतू चांगला होता, पोरं रकाने कोरे सोडतात म्हणून. आता माझी कबुली ऐका. अर्थिंग नीट मोजायचं तर जमिनीत दोन स्पाइक, म्हणजे लोखंडी सळ्या, ठोकाव्या लागतात. करंटची एक लांब, समजा तीस मीटरवर, आणि व्होल्टेजची त्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरच्या आसपास. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं अख्खं आवार काँक्रीटचं. स्पाइक ठोकायची कुठं? कागद असता तर मी "सगळी फरशी, मोजता आलं नाही" लिहून कोरं सोडलं असतं. ॲप सोडेना. संध्याकाळचे साडेसहा, अजून एक साइट बाकी. मी '२' टाकलं. पेटलं बटण.

तो '२' आज सर्व्हरवर बसलाय. त्याच्यासोबत माझं नाव, तारीख, वेळ, जीपीएस आणि पॅनेलचा स्वच्छ फोटो. कागदावर कोरा रकाना दिसला की बघणारा विचारायचा तरी, का रे बाबा? या दोनाला कोण विचारणार? आणि हे मी एकट्यानं केलेलं नाही. चहाच्या टपरीवर विचारलं तर प्रत्येकाचा ठरलेला एक आकडा निघाला. एकाचा दीड, एकाचा अडीच. मामांचा नाही, पण मामांना ॲपच उघडता येत नाही, त्यांचं मीच भरतो.

काहीजण क्लॅम्प मीटर वापरतात, तो अर्थिंगच्या वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा, त्याला स्पाइक लागत नाही. पण तो चालतो दोन-चार अर्थिंग एकमेकांना जोडलेली असतील तिथं. एकटा सुटा खड्डा असला तर त्याला करंट फिरून यायला लूपच मिळत नाही. रीडिंग कशानं घेतलं हे ॲप विचारतच नाही. नुसता आकडा मागतो.

गावांच्या नावांचा वेगळाच तमाशा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, पण आमच्या यादीत 'बेलगाम', 'बेळगाव' आणि 'बेळगावी' तिन्ही नांदतात. एकाच कारखान्याचा इतिहास तीन तुकड्यांत, जुनं रीडिंग शोधायला तीनदा शोधायचं. आणि शिनोळीला गेलं की मोबाइल 'महाराष्ट्रात स्वागत' म्हणतो, तर ॲप म्हणतो पिनकोड चुकीचा, कारण बनवणाऱ्यानं ५९ नं सुरू होणारेच पिनकोड घेतले होते. शिनोळी पडली चंदगड तालुक्यात, तिकडचा पिन ४१६ चा. इतक्या वर्षांचा सीमाप्रश्न आमच्या ॲपनं एका ओळीत निकालात काढला म्हणायचा! तोवर आम्ही शिनोळीचं काम बेळगावातल्या पिनवर दाखवतो.

मग आम्ही तिघांनी एक उद्योग केला. ओडीके नावाची फुकट प्रणाली आहे, २००८ पासूनची, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी सुरू केलेली. फॉर्म चक्क एक्सेलमध्ये लिहायचा, एका ओळीत एक प्रश्न. प्रत्येक भाषेला एक कॉलम. मराठी मी लिहिलं, कन्नड आमच्या गोकाकच्या मित्रानं. ज्याला जी भाषा हवी ती निवडायची. रेंज नसली तरी भरलेलं फोनमध्ये राहतं, खानापूरला खाली उतरलं की पाठवायचं.

लाल चांदणी ठेवली, पण 'मोजलं नाही' हा पर्याय दिला आणि खाली कारणांची यादी. यादी मामांनी सांगितली: फरशी आहे. चावी नाही. करंट बंद करू देत नाहीत. खड्ड्यात पाणी. कुत्रं. कुत्र्यावर सगळे हसले, पण त्याच आठवड्यात दोनदा तेच निवडावं लागलं. 'दोन दिवसांत पाऊस झाला का' हा प्रश्न घातला. रीडिंग कशानं घेतलं हाही. आणि समासाच्या जागी आवाज रेकॉर्ड करायचं बटण. मामांना टाइप करता येत नसेल, बोलायला कोण अडवतंय? त्यांची पहिली नोंद अशी: "पॅनेल ठीक हाय. पण जनरेटरच्या मागं डिझेलचा वास येतोय, टाकीखाली ओल दिसतीया. उद्या कुणीतरी बघा, बिडी ओढत जाऊ नका." कुठल्या रकान्यात बसवणार होता हे?

साहेबांना दाखवलं. आधी वैतागले, "एवढ्या ठिकाणी 'मोजलं नाही'? गिऱ्हाइकाला काय दाखवू?" मी त्या फाउंड्रीची ओळ दाखवली. माझा '२' तिथं होता, त्याखाली नव्या फॉर्ममधलं 'फरशी', तीन वेगवेगळ्या माणसांनी भरलेलं. साहेब बराच वेळ त्या दोनाकडं बघत बसले. कुणी टाकला ते विचारलं नाही, नाव तर समोरच होतं.

कंपनीचं ॲप अजून तसंच आहे, लाल चांदणीसकट. आमचा फॉर्म अकरा फोनवर चाललाय, कच्चा म्हणून. पण साहेबांनी फाउंड्रीच्या मालकाला स्वतः फोन केला. आवारात दोन ठिकाणी काँक्रीट फोडून स्पाइकपुरती माती उघडी ठेवायला तो तयार झालाय, वर लोखंडी झाकण टाकून. उद्या सकाळी मामा आणि मी जागा आखायला जायलोय. टेप घेतलीय, तीस मीटरची.