खाऱ्या वाऱ्यात गंजलेल्या सेडानला पुण्याचा भाव कशाला?

किनाऱ्यावर बारा वर्षं उघड्यावर उभी असलेली गाडी आणि पुण्यात तेवढीच वर्षं वापरलेली गाडी, दोघींचा भाव एकच कसा? रत्नागिरीतला एकही एजंट याचं सरळ उत्तर देत नाही.

आईबाबांसाठी जुनी होंडा सिटी बघतोय, २००८ मध्ये आलेलं ते मॉडेल. बाबांना तपासणीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, मागे पाय पसरून बसता यावं एवढंच हवंय. त्या गाडीचं पेट्रोल इंजिन दणकट आहे, हे मलाही मान्य आहे. पण ज्याला त्याला बोनेटच उघडून दाखवायचं असतं. 'आवाज ऐका साहेब, मक्खन!' अहो, इंजिनाबद्दल विचारलंय कोणी? मला खालचा पत्रा बघायचाय!

खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातो. दारांच्या खालच्या कडा, जॅक लावायची जागा, डिकीत स्टेपनीखालचा भाग, चाकाला धरून ठेवणारा खालचा लोअर आर्म, सगळं. आणि विकायच्या आधी त्यावर काळं कोटिंग मारून मोकळे. एवढ्या जुन्या गाडीचं पोट एकदम काळंभोर, कोरं दिसलं की आधी संशय घ्या. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघतो म्हटलं तर 'दादा, खराब कराल'. टोचल्यावर भोक पडणार असेल तर ती आधीच खराब आहे ना! ब्रेकचे लोखंडी पाइप याच पत्र्याखालून मागच्या चाकांकडे जातात. आंबा घाट उतरताना त्यातला एखादा फुटला तर गाडीत माझे आईबाप असणार आहेत. हे कळूनही वरून काळा रंग फासणाऱ्या माणसाला रात्री झोप कशी लागते?

आणि भाव? २०१२ च्या गाडीला साडेतीन लाख. का, तर ऑनलाइन पुण्याचा रेट तोच आहे. मग पुण्यासारखा पत्रा द्या! खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे या गाडीची २०२७ मध्ये संपणार. पुढे फिटनेस, पर्यावरण कर, नूतनीकरण, हे सगळं माझ्या डोक्यावर. त्याचा एक रुपयाही किमतीतून कमी होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझायरसारख्या छोट्या पेट्रोल सेडानवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, पण यांची जुनी तिथेच. गणपती जवळ आले की किंमत तर वरच चढते.

पुराचं तर कोणी नावच काढत नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, सावित्रीने महाड. तेव्हा पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून विकायला ठेवली, तर वरून काय कळणार? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, मुळाशी चिखलाचा डाग दिसतो का बघा. कार्पेट उचला, सीटच्या रुळांवर हात फिरवा. त्या वर्षीच्या विम्याचे आणि सर्व्हिसचे कागद मागा. मी मागितले की 'ते जुन्या मालकाकडे'. जुन्या मालकाचा नंबर मागितला की 'तो मुंबईला असतो'. आणि त्याच मालकाच्या सह्या केलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कोरे फॉर्म २९ आणि ३० मात्र यांच्या ड्रॉवरमध्ये तयार! गाडी नावावर न करता चार हात फिरते, उद्या अपघात झाला तर नोटीस त्या बिचाऱ्याच्या दारात.

परवा एकाने तोंडावर सांगितलं, आधी पाच हजार टोकन द्या, मग गाडी लिफ्टवर चढवू. चालणार नाही. आधी लिफ्ट, मग टोकन, आणि जेवढा पत्रा बदलावा लागेल तेवढे पैसे किमतीतून वजा. परवडत नसेल तर ठेवा ती तिथेच, अजून एक पावसाळा खाऊ दे तिला.