चौथी सीट आणि चाळीस मिली

काल सकाळी नऊच्या फास्टला मला बसायला जागा मिळाली. डोंबिवलीला चढून, मुंब्रा यायच्या आत, बसलेल्या मुलीनं उठून दिलेली जागा. ज्यांचा मध्य रेल्वेशी संबंध नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. ज्यांचा आहे ते लगेच विचारतील, "का गं, काय झालं होतं?" तेच तर सांगतेय. मला काहीही झालेलं नव्हतं. मी सनस्क्रीन लावलं होतं.

ऑफिसातल्या आम्ही पाच जणी बँकॉकला जाऊन आलो. लेकीनं बजावलं होतं, "आई, तिकडचं लोकल घे. इकडे तेच इम्पोर्टेड म्हणून तिप्पट भावानं मिळतं." त्यामुळे पाच दिवसांत देवळं दोन पाहिली आणि दुकानं मोजली नाहीत.

तिकडे चार पावलांवर सेव्हन-इलेव्हन. दार उघडलं की टिंगटाँग वाजतं आणि आत पुड्या टांगलेल्या असतात: सीरम, सनस्क्रीन, कोरफडीचं जेल, सगळं चाळीस-पन्नास बाटला (बाट म्हणजे तिकडचा रुपया). आता पुडी हा खरा आपला प्रांत. रुपयाच्या शाम्पूच्या पुडीवर आपली अख्खी पिढी न्हाली. ओल्या हातानं ती कधी फाटली नाही, म्हणून दातानं फोडली आणि पहिला थेंब जिभेवर घेतला. थाई पुडीला फिरकीचं बूच असतं! उरलेलं उद्याला राहतं. मी ते बूच दुकानात उभ्या उभ्या तीनदा उघडून लावून पाहिलं आणि मला उगाच राष्ट्रीय दुःख झालं. शिवाय १९४७ पासून चालत आलेली ती सापाच्या छापाची घामोळ्यांची पावडर घेतली. ती अंगाला लावली की कुल्फीच्या मटक्यात बसल्यासारखं वाटतं. तेवढ्यावर थांबले असते तर पुढचं रामायण घडलं नसतं.

पण मोठ्या दुकानात शिरले. सगळ्या डब्यांवर थाई अक्षरं. मोबाइलचा कॅमेरा धरला तर त्यानं एका डबीचं भाषांतर 'हिमाची बाई' असं केलं. जिथे इंग्रजी होतं तिथे एकच शब्द: व्हाइट. साबण व्हाइट, लोशन व्हाइट, काखेत मारायचा स्प्रेसुद्धा व्हाइट. काख गोरी करून दाखवायची कुणाला? लोकलच्या कडीला?

"नो व्हाइट?" मी विचारलं.

दुकानातली मुलगी विचारात पडली. मग एकेक नळी दाखवत म्हणाली, "धिस वन व्हाइट. धिस वन व्हाइट-व्हाइट." आणि तिसरी पुढे करून, "धिस वन टोन-अप."

मी टोन-अप घेतलं. जिमवाले म्हणतात तसं काहीतरी असेल, गाल घट्ट होतील, हनुवटीखाली जे लोंबतंय त्याची काही व्यवस्था लागेल, असा माझा समज. एसपीएफ ५०, पीएपुढे चार अधिक चिन्हं (म्हणजे ऊन चांगलंच अडवणार), ४० मिली, २९० बाट. बाटचे पावणेतीन धरले तर आठशे रुपये. एका दुकानात एका दिवशी २००० बाटची खरेदी झाली तर सात टक्के व्हॅटमधलं काही परत मिळतं, म्हणून २००० गाठायला आणखी चार वस्तू उचलल्या आणि विमानतळावर त्या परताव्याची रांग बघून तशीच पुढे गेले. हे घरी सांगितलेलं नाही.

तर काल सकाळी लेकीनं शिकवल्याप्रमाणे दोन बोटं भरून लावलं. आरशात बरी दिसत होते. आमच्या बेसिनवरचा बल्ब पिवळा आहे, हे नंतर सुचलं.

गाडीत खिडकीजवळच्या काकू पोथी वाचत होत्या. त्यांनी सहज वर पाहिलं आणि नजर माझ्यावर अडकली. पोथीत बोट घालून त्यांनी पान धरून ठेवलं.

"बरं वाटत नाही का गं?"

"मला? बरी आहे की."

"कसली बरी! तोंडावर रक्ताचा टिपूस नाही. हिमोग्लोबिन किती?"

"बारा," मी म्हटलं. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही शाळेपासूनची खोड.

"बारा कधीतरी असेल. आज सातसुद्धा नाही." काकूंनी परस्पर पाच उतरवले. "माझी नणंद अगदी अशीच दिसायची. शेवटी."

"शेवटी म्हणजे?" मागून कुणीतरी विचारलं.

"शेवटी म्हणजे शेवटी."

डब्यात जरा शांतता पसरली. मग डबे उघडावेत तशी एकेकीनं मतं उघडली. बीपी लो असेल. उपास असेल. कावीळ? छे, कावीळ पिवळी असते. मधल्या बाकावरच्या एकीनं माझा दांडीवरचा हात निरखला आणि म्हणाली, "हात बघा ना, चांगले काळेसावळे आहेत. तोंडच तेवढं पांढरं पडलंय. म्हणजे रक्त सगळं हातात उतरलंय." यावर दोघींनी माना डोलावल्या.

काकू पुढे वाकल्या आणि हळू आवाजात, म्हणजे दोन्ही दारांपर्यंत ऐकू जाईल इतक्याच, म्हणाल्या, "कितवा?"

"काकू, मी ४८ वर्षांची आहे! लेक एमकॉमला आहे माझी."

"मग जपायला नको?"

याला काय उत्तर देणार? तेवढ्यात त्यांनी तिघींच्या बाकाच्या टोकाला, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या मुलीला हुकूम सोडला, "ए, कानातलं काढ. ऊठ, तिला बसू दे. पडली म्हणजे आपल्याच अंगावर पडेल." आणि ती उठली! नको म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून 'थँक्यू' बाहेर पडलं आणि मी बसलेसुद्धा. वीस वर्षं या लाइनवर उभी आहे मी, गुडघ्यांनी माझं मत विचारलंच नाही.

कुणी बिस्किट दिलं, कुणी पाणी. लाजेनं म्हणा, गर्दीनं म्हणा, मला घाम फुटला. काकूंनी मायेनं स्वतःच्या रुमालानं माझं कपाळ टिपलं आणि रुमाल उजेडात धरला.

"अगंबाई! हे तर निघतंय!"

मग सगळं सांगावं लागलं. बँकॉक, टोन-अप, लेक. काकूंनी एकच विचारलं, "केवढ्याला?" खोटं सुचलं नाही. "आठशेत," त्या रुमालाची घडी घालत म्हणाल्या, "आमच्या मागच्या खोलीला दोन हात बसले असते पांढरे."

डबा हसला. मीही हसले, हसावंच लागतं. टोन-अप म्हणजे गाल नव्हे, रंग वर चढवणारं, हे रात्री लेकीकडून कळलं. मग नळीवरची बारीक यादी वाचली: टायटॅनियम डायऑक्साइड. ते ऊन अडवतं आणि चेहऱ्यावर पांढरं बसतं. घराच्या भिंतींना देतात त्या रंगातली पांढरी भुकटीही तीच. म्हणजे काकू शास्त्रालाही धरून होत्या. ते जास्त झोंबलं.

आणि खरं सांगू? मी गोरी व्हायला गेलेच नव्हते. मला बघायला आलेल्या मंडळींना आत्यानं सांगितलं होतं, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." त्या 'पण'बरोबर मी पंचवीस वर्षं संसार केला. आपल्याकडे २०२० मध्ये गाजलेल्या क्रीमच्या नावातून गोरेपणा काढून ग्लो घातला, तेव्हा वाटलं, चला, सुटलो. कसचं काय! ती थाई मुलगी माझ्याइतकीच सावळी होती. आम्ही दोघी त्या मांडणीपुढे उभ्या, आणि एवढ्या नळ्यांत तिनं आमच्या रंगाची एकही मला दाखवली नाही. आपलाच चेहरा आपल्याच रंगात उन्हापासून वाचवायचा, एवढीच मागणी होती. ती मला नीट मागताही आली नाही.

असो. तर गाडीत, सगळं हसून झाल्यावर काकू म्हणाल्या, "बघू, आहे का जवळ?" पर्समध्ये होती. नळी काकूंपासून निघाली ती मधल्या बाकावरून दारापर्यंत गेली. "थंड आहे गं," "वास बरा आहे," "माझ्या जावेला चालेल." ठाणं आलं, गेलं. परत आली तेव्हा तिचं पोट पाठीला लागलं होतं. काकूंनी नाकावर पांढरा पट्टा ओढून पुन्हा पोथी उघडली होती. बोट अजून त्याच पानात होतं.

तेवढ्यात खांद्यावर कुणीतरी टकटक केलं. तीच मुलगी. कानातलं एक काढून हातात धरलेलं.

"मावशी, बरं वाटतंय ना आता? मग उठा."

घाटकोपर अजून यायचं होतं.