बेन मॅकडुईबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

नांदेड-लातूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'स्कॉटलंडचं बेन मॅकडुई कळसूबाईपेक्षा बुटकं, माथा सपाट. तिथं शिकणाऱ्या मुलांनी डिसेंबरच्या सुट्टीत साध्या बुटांवर जाऊन यावं.'

उंचीचं खरं आहे. नकाशात बेन मॅकडुई १३०९ मीटर, कळसूबाई १६४६. पण कळसूबाई १९ अंश अक्षांशावर, हे ५७ अंशांवर. हिवाळ्यात माथ्यावर बर्फ, आणि दिवस जेमतेम सात तासांचा. शेजारच्याच केर्नगॉर्म शिखरावर १९८६ मध्ये ताशी सुमारे २७८ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला.

आणि सपाट माथा हाच खरा धोका. धुकं-बर्फात जमीन-आभाळ एक होतं, दिशा कळत नाही. पठाराच्या कडेला कडे तुटलेले, त्यांवर बर्फाची पोकळ झालर. नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर हिमवादळात पाच विद्यार्थी आणि एक शिकाऊ प्रशिक्षक दगावले. ही जाहीर नोंद आहे.

उन्हाळ्यात, चांगल्या हवेत, नकाशा-होकायंत्र घेऊन जरूर जावं. डोंगर सुंदर आहे. हिवाळ्यात मात्र आइस-अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड), क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे) आणि ते वापरायचं शिक्षण हवंच.

तो मेसेज पुढं पाठवू नका. ज्यांची लेकरं तिकडं आहेत, त्यांना आज फोन करून सांगा.