एक ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर: सही ज्यांची, अशील ते

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तक्रारी अशा आहेत: तीन आठवड्यांच्या रजेवर अमेरिकेहून आलात, आईंना घेऊन आमच्या वकिलीच्या ऑफिसात आलात, फी तुम्ही भरली आणि बाहेरच्या बाकावर बसवलं ते तुम्हालाच. फ्लॅटचं ‘साधं’ बक्षीसपत्र, म्हणजे जिवंतपणीच मिळकत विनामोबदला दुसऱ्याच्या नावे करून देणारा दस्त, एका बैठकीत झालं नाही. आईंचा डॉक्टरी दाखला मागितला. मसुद्यात ‘सांभाळ न केल्यास व्यवहार रद्द’ असं कलम घातलं. आणि आता आईंनी काय ठरवलं हे फोनवर विचारलं, तर आम्ही तोंडाला कुलूप लावून बसतो.

आधी कुलपाबद्दल. तुम्ही किंवा तुमच्या आई आमच्याकडे आला होतात की नाही, याला मी इथे होही म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने बाहेर बोलायचं नाही, हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. जुन्या एव्हिडन्स अॅक्टमध्ये तेच कलम १२६ होतं. काम संपल्यावरसुद्धा ते बंधन सुटत नाही. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ती आमच्या ऑफिसची सगळ्यांसाठीची रीत आहे, कोणा एका घराची गोष्ट नव्हे. आणखी एक, बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, म्हणून आमची थोरवी सांगणारं काही इथे सापडणार नाही.

ज्यांची सही कागदावर होणार, ते आमचे अशील. फी कोणीही भरो. मुलाने भरली, पुतणीने भरली, वृद्धाश्रमाच्या ट्रस्टने भरली, तरी पावती ज्येष्ठांच्याच नावाची निघते. पहिली बैठक त्यांच्याशी एकट्यांशी होते. मुलगा, सून, मुलगी, जावई सगळे बाहेर. यात कोणावर संशय नसतो. आईबाबा मुलासमोर मुलाविरुद्ध बोलत नाहीत, ही आपल्या घरांची जुनी सवय आहे. किंबहुना मुलाच्या बाजूनेही मोकळं बोलत नाहीत. दोन भावंडांत एकाला जास्त द्यायचं असेल, तर ते त्या एकासमोर बोलायलाही माणूस कचरतो.

आत काय चालतं, तेही सांगते, कारण बाहेर बसलेल्यांना वाटतं आम्ही कान भरतो. आधी चहा. मग मुलं किती, कुठे असतात, घर कोणाच्या पैशांतून झालं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) कुठे ठेवलंय, औषधं कोण आणून देतं. मग मसुदा मोठ्या अक्षरांत छापून मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचं, ‘आता यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा.’ बक्षीसपत्रात ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता’ ही ओळ ठरलेली असते. ती वाचताना मान डोलते, पण अर्थ विचारला की कोडं पडतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आजोबांनी पूर्ण वाचून झाल्यावर चष्मा काढून शांतपणे विचारलं होतं, ‘म्हणजे सही केल्यावर मी माझ्याच घरात पाहुणा का?’ हा प्रश्न मुलासमोर त्यांनी विचारला असता असं मला वाटत नाही.

प्रश्न मात्र अचूक होता. बक्षीसपत्र नोंदलं की मालकी त्याच दिवशी गेली, मन बदललं म्हणून ती परत येत नाही. मृत्युपत्राचं तसं नाही. जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं, शेवटचं ते खरं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत. ज्यांना मिळकत मिळणार त्यांना साक्षीदार करू नये, पुढे तेच भांडणाला निमित्त होतं. मग लोक बक्षीसपत्राकडे का धावतात? महाराष्ट्रात राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार वेगळा, पण २०० हा आकडा ऐकला की पुण्यात हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे जिथे दस्त नोंदतात तिथे, आजच नंबर लावायची घाई होते. रजा संपत आलेली असली तर विचारूच नका.

सांभाळाच्या कलमाने तुम्ही दुखावलात, हे समजू शकते. ‘मी काय आईला रस्त्यावर काढणार आहे का?’ असं तुम्ही लिहिलंय. हे कलम आमच्या प्रत्येक बक्षीसपत्राच्या मसुद्यात असतं, मुलगा हिरा असला तरी. कारण २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. पण अट दिसली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशी अट असल्याचं दाखवता आलं नाही म्हणून एका आईच्या विरोधात निकाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असं म्हणून दुसऱ्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. न्यायालयाच्या उदारपणावर भिस्त ठेवण्यापेक्षा चार ओळी आधीच लिहिलेल्या बऱ्या. जो मुलगा सांभाळणारच आहे, त्याला या चार ओळींनी एका पैशाचा तोटा होत नाही.

डॉक्टरी दाखल्याला तुम्ही ‘आईला वेडं ठरवण्याचा प्रकार’ म्हटलंय. अहो, तो दाखला त्यांना व्यवहार नीट समजतो याचा असतो, आणि सहीच्या दिवसाचा किंवा आदल्या-दुसऱ्या दिवसाचा असावा लागतो. पाच वर्षांनी दुसरं भावंड शिवाजीनगर कोर्टात उभं राहून ‘सही केली तेव्हा आईला काही कळत नव्हतं’ म्हणालं, तर तो कागद ज्याला घर मिळालं त्याच्याच कामी येतो. म्हणजे बहुधा तुमच्याच.

अमेरिकेत पॉवर ऑफ अॅटर्नी एका भेटीत होते, हेही तुमचं म्हणणं. होत असेल. पण तिथली ‘ड्युरेबल’ पॉवर ऑफ अॅटर्नी करून देणाऱ्याची समज गेल्यावरही चालू राहते. इथे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणारा वारला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं की कुलमुखत्यारपत्र, म्हणजे इथली पॉवर ऑफ अॅटर्नी, संपतं. नेमकी गरज असते तेव्हाच ते कामाचं राहत नाही. कोमातल्या नवऱ्याची किंवा वडिलांची बँक खाती चालवायला पालक नेमून घ्यावा म्हणून लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं आहे. म्हणून आम्ही कुलमुखत्यारपत्र एका ठरावीक कामापुरतं करतो आणि पुढची सोय वेगळी बघतो. बाकी अशील कोण हा प्रश्न तिथल्या एल्डर लॉ, म्हणजे ज्येष्ठांची कामं बघणाऱ्या, वकिलालाही पहिल्याच भेटीत सोडवावा लागतो, तेव्हा बाक तिथेही असणारच.

सोसायटीत नॉमिनी तुम्हीच आहात, म्हणून फ्लॅट तुमचाच, असंही रिव्ह्यूत ओझरतं आलंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्या नावाने पुढचा व्यवहार करते, वारसांचा हक्क जागच्या जागी राहतो. हा गैरसमज पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांत आहे, तुम्ही एकटे नाही.

‘बाहेरचा टायपिस्ट दोन हजारांत करून देतो’ हे खरं आहे, आणि साध्या कामाला तो चांगलाच असतो. आमच्याकडे फी भेटीची आणि मसुद्याची वेगळी सांगतो, पहिल्याच दिवशी लेखी देतो, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्यात नसतो. कोणत्याही वकिलाकडे जाल तिथे हे आधी विचारून घ्या, आणि मसुदा कोण लिहिणार हेही. ज्यांना फी झेपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं, महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. चरितार्थाचा अर्ज ज्येष्ठांना प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात स्वतःच करता येतो, त्याला वकील लागत नाही. नुसती चौकशी करायची असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

जिन्याबद्दल लिहिलंत. ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर फोन करताना तेवढं सांगावं, आम्ही घरी येतो. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधकांनाही घरी बोलावता येतं, नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे. थरथरत्या म्हाताऱ्या बोटांचा ठसा मशीनवर उमटत नाही, म्हणून तिथल्या खुर्चीत तासभर बसवून ठेवण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

राहता राहिलं फोनचं. ज्यांना आपल्या मुलाला काही कळवायचं असतं ते कळवतात, आमच्या परवानगीची गरज त्यांना नसते. दुसऱ्या वकिलाकडे काम द्यायचं असेल तर आमच्याकडचे मूळ कागद आणि मसुद्यांच्या प्रती पोच घेऊन परत करतो, आमची काही हरकत नसते. त्यासाठीचा साधा अर्ज मात्र ज्यांचे कागद त्यांच्याच सहीचा लागेल.