चूक कोणाची, हे विमा कंपनी ठरवत नाही

गाळप हंगाम सुरू झाला की सोलापूरकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: "अपघातात मागून धडकतो त्याचीच चूक धरतात. पोलिसांनी ज्याच्यावर गुन्हा नोंदवला त्याला एक रुपया मिळत नाही. सर्व्हेअर लिहील ते अंतिम. कंपनी देईल त्यावर सही करा, कोर्टात नुसत्या चपला झिजतात." पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण मोटार अपघाताच्या दाव्यांची कामं करताना, असंच काहीतरी ऐकून हक्काचा दावा सोडून दिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. म्हणून एकेका वाक्याचं उत्तर द्यायला हवं.

मागून धडकतो त्याचीच चूक, हे अर्धं खरं आहे. पुढची गाडी चालती असेल, तिने ब्रेक लावला आणि तुम्ही जाऊन आदळलात, तर अडचण तुमचीच आहे. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवणं हे मागच्या चालकाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं. पण आपल्याकडचे कितीतरी अपघात असे नसतात. मोहोळ, टेंभुर्णीकडून येताना किंवा मंगळवेढा, अक्कलकोटच्या रस्त्यांवर रात्री काय दिसतं? टायर फुटलेली उसाची ट्रॉली अर्ध्या रस्त्यात उभी, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. चालक मिस्त्री आणायला गेलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर असताना ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला अंतरच उरलेलं नसतं.

इथे 'मागून धडकला' एवढं म्हणून भागत नाही. दुसऱ्यांना धोका होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर सोडून जायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई केली आहे. महामार्गाच्या मधोमध, दिवे किंवा कुठलीही खूण न लावता सोडलेल्या मोठ्या ट्रेलरवर कार आदळल्याच्या प्रकरणात, खालच्या न्यायालयांनी कारचालकावर टाकलेला निम्मा दोष सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुसून टाकला. त्या निकालातली दुसरी गोष्ट आपल्या लोकांना माहीतच नसते. चालकाची थोडीफार चूक निघाली, तरी ती गाडीतल्या प्रवाशांच्या माथी मारता येत नाही. समजा दोन्ही वाहनांचा दोष निम्मा-निम्मा ठरला आणि चालक व त्याची बायको या प्रत्येकाचं नुकसान वीस लाखांचं आहे. चालकाला स्वतःच्या दुखापतीबद्दल दहा लाख मिळतील. पण शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला पूर्ण वीस लाख मागता येतात, तेही दोहोंपैकी कोणत्याही एका वाहनाच्या मालकाकडून आणि त्याच्या विमा कंपनीकडून. त्या दोघांनी आपसात काय ते वाटून घ्यावं. 'तुमच्याच ड्रायव्हरची चूक होती' असं सांगून प्रवाशाला परत पाठवणं कायद्याला धरून नाही.

रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कारखान्याने वजनकाट्यावर घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. तो विषय वेगळा, पण हे सगळे दावे तिथूनच सुरू होतात.

आता गुन्ह्याचं. एफआयआर हा तपासाचा आरंभ असतो, निकाल नसतो. ट्रॉलीवर आदळून कारचालक जागीच गेला, तर बऱ्याचदा गुन्हा मृतावरच नोंदवला जातो आणि आरोपी मयत म्हणून प्रकरण बंद होतं. घरचे कागद वाचतात, 'हयगयीने व भरधाव' हे शब्द दिसतात आणि त्यांचा धीर सुटतो. नेमकं तेव्हाच कंपनीचा माणूस म्हणतो, चूक तुमच्याच माणसाची होती, पोलिसांनीच लिहून दिलंय. पण भरपाईचे दावे जिथे चालतात त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. कोणती हकिकत अधिक संभाव्य आहे, एवढंच तिथे तोललं जातं. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितलं आहे. एफआयआरमध्ये चालक दोषी आणि घटनास्थळ पंचनाम्यात 'ट्रॉली डांबरी रस्त्यावर उभी, मागे दिवा नाही' अशी नोंद, असे कागद एकाच प्रकरणात असू शकतात. तेव्हा निव्वळ एफआयआर पाहून घरी बसू नका. पंचनामा, नकाशा, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, सगळं मागून घ्या. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो.

जागेवर कोणी शुद्धीत असेल तर ट्रॉली हलवण्याआधी तिच्या मागच्या बाजूचे फोटो काढावेत. ट्रॅक्टरचा नंबर घ्यावा, ट्रॉलीवर नंबर असेल तर तोही. विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही, हा बचाव विमा कंपनीकडून पुढे हमखास येतो.

सर्व्हेअर म्हणजे विमा कंपनीने पाठवलेला तपासनीस. तो येतो ते तुमच्या गाडीचं नुकसान मोजायला. अपघातात चूक कोणाची याचा निवाडा करायचा अधिकार त्याला नाही. शिवाय तुमची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी असेल, तर तिच्या दुरुस्तीसाठी चूक कोणाची हा प्रश्न सहसा येतच नाही. तुमच्या चुकीने ठोकली तरी खर्च मिळतो. दारू पिऊन चालवली, लायसन्स नव्हतं, अशी कारणं असतील तर गोष्ट वेगळी. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा आहे पण तो शेवटचा शब्द नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगून ठेवलंय. अहवालाची प्रत मागा, गॅरेजचं एस्टिमेट शेजारी ठेवा आणि कुठली रक्कम का कापली ते लेखी विचारा. उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. सोलापूरसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही, फी नाही आणि पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. मात्र तिथे स्वतःच्या कंपनीविरुद्धच दाद मागता येते, समोरच्याच्या कंपनीविरुद्ध नाही. जिल्हा ग्राहक आयोग तर सोलापुरातच आहे.

आणि सही. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. गाडीच्या दुरुस्तीच्या पैशांसाठी 'पूर्ण व अंतिम' असा छापील कागद सहीला येतो. त्यावर सही केल्याने जास्त रक्कम मागण्याचा पॉलिसीधारकाचा हक्क जात नाही, असं विमा नियामकाने २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे. दुखापतीच्या आणि मृत्यूच्या दाव्यात मात्र सहीची किंमत फार मोठी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. ज्या घरात उद्याच्या औषधाला पैसे नाहीत त्या घराला हा आधार मोठा आहे, त्याला कमी लेखत नाही. पण ती रक्कम तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ खालचा, समोरच्याची चूक दाखवून मागायचा मोठा दावा संपतो. कमावता तिशीतला माणूस गेला असेल तर त्या दाव्याची रक्कम पाच लाखांच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून आकडा कागदावर मांडून पाहिल्याशिवाय सही करू नका.

चपला झिजतात हे खरं आहे, दाव्याला वेळ लागतो. पण अपघात हैदराबादच्या रस्त्यावर तेलंगणात झाला, तरी तुम्ही सोलापुरात राहत असाल तर दावा इथल्याच न्यायाधिकरणात लावता येतो. तिकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत मात्र अपघातापासून सहा महिन्यांची आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी त्यावर विसंबू नका. तेराव्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच घरातल्या एकाने पोलीस ठाण्यातून कागद काढायला सुरुवात करावी.