अल्मोड्याची पलटण आणि अचलपूरची पलटण

समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गोरखा पलटणी नेपाळात उभ्या राहिल्या, 1947 पर्यंत त्यांत फक्त नेपाळी जवान होते, आणि 1815 मध्ये अल्मोड्याला उभारलेली ‘कुमाऊं बटालियन’ म्हणजेच आजची कुमाऊं रेजिमेंट, जिच्या मेजर सोमनाथ शर्मांना पहिले परमवीर चक्र मिळाले. शर्मांविषयीचे शेवटचे वाक्य खरे आहे, बाकीचे तपासून पाहावे लागते.

पहिला मुद्दा उभारणीच्या जागेचा. आजच्या उत्तराखंडातल्या कुमाऊंवर 1790 पासून आणि गढवालवर 1804 पासून नेपाळच्या गोरख्यांचे राज्य होते. तिकडचे लोक त्या जाचक काळाला आजही ‘गोरख्याणी’ म्हणतात. एप्रिल 1815 मध्ये इंग्रजांनी अल्मोडा जिंकले, तेव्हा तिथला गोरखा सुभेदार बम शाह याने तह करून काली नदीपलीकडे माघार घेतली. मागे राहिलेल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी पत्करणाऱ्या सैनिकांतून सर रॉबर्ट कोल्कहून यांनी कुमाऊं बटालियन उभी केली. त्याच वर्षी सुबाथूला नसीरी आणि नाहनला सिरमूर बटालियन उभ्या राहिल्या. तिन्ही ठिकाणे आजच्या भारतात आहेत. नेपाळ हा या सैनिकांचा मुलूख होता, पलटणीचे जन्मस्थान नव्हे.

दुसरा मुद्दा माणसांचा, आणि इथे मजकुरात थोडे तथ्य आहे हे मान्य करायला हवे. पुढच्या काळात या पलटणीत प्रामुख्याने नेपाळातील मगर आणि गुरुंग या जमातींचे लोक घेतले जाऊ लागले. 1915 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर शत्रूच्या खंदकांमागून जखमी सोबत्यांना उचलून आणणारे आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले गोरखा सैनिक कुलबीर थापा नेपाळचेच. मात्र ‘फक्त’ हा शब्द टिकत नाही. मुळात कुमाऊं-गढवालमधल्या गोरखा फौजेतच स्थानिक पहाडी शिपाई होते आणि नव्या बटालियनमध्येही गोरख्यांबरोबर कुमाऊनी भरती झाले. सर्वांत ठळक पुरावा 1887 चा आहे. त्या वर्षी तिसऱ्या गोरखा रेजिमेंटची दुसरी बटालियन अल्मोड्याला उभी राहिली, तीत गढवाली मोठ्या संख्येने होते, आणि तिला कालूडांडा या डोंगरधारेवर, म्हणजे पुढच्या लॅन्सडाउनला, वसवण्यात आले. 1891 मध्ये तीच वेगळी होऊन 39 वी गढवाली रेजिमेंट बनली. म्हणजे आजच्या गढवाल रायफल्सचा उगमच एका गोरखा रेजिमेंटच्या पोटात आहे. ही गोष्ट मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक असती, तर त्याने एवढे ठाम विधान केले नसते.

तिसरे विधान मात्र सरळ चूक आहे, आणि ती चूक नावाच्या साम्यामुळे होते. 1857 मध्ये दिल्लीच्या काश्मिरी दरवाजावरील हल्ल्यात उतरलेली कुमाऊं बटालियन 1861 मध्ये तिसरी गोरखा झाली. पुढे काही काळ ‘कुमाऊं’ हे तिच्या नावात कंसात राहिले आणि मग गळाले. आजची तिसरी गोरखा रायफल्स ती हीच. फाळणीच्या वेळी दहापैकी सहा गोरखा रेजिमेंट भारताकडे आल्या, त्यांत ती होती. तिचे प्रशिक्षण केंद्र आता वाराणसीला आहे.

मग कुमाऊं रेजिमेंट कुठून आली? तिचे नाव 1945 पर्यंत 19 वी हैदराबाद रेजिमेंट असे होते. निजामाच्या चाकरीतल्या पलटणींची ती वारसदार. याच पलटणींच्या, म्हणजे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या, खर्चापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला होता. विसाव्या शतकात तिच्यात कुमाऊनी भरती वाढत गेली आणि शेवटी नावही बदलले. 1917 मध्ये राणीखेतला उभारलेली कुमाऊं रायफल्स ही बटालियन तिच्यात आली, हा कुमाऊंशी थेट धागा. पण सोमनाथ शर्मा त्या बटालियनचे नव्हते. 3 नोव्हेंबर 1947 रोजी काश्मीरमधल्या बडगामला ते धारातीर्थी पडले तेव्हा ते चौथ्या कुमाऊंत होते, आणि चौथी कुमाऊं ही 1788 मध्ये एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरच्या, नवाब सलाबत खानाने उभारलेली पलटण.